बाळांच्या खोलीची फौजदार

आमच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांचा वचक होता, अधीक्षकसाहेबांचा धाक होता, आणि या दोघांनाही जिच्यापुढे रोज हात पसरावे लागत ती होती बाळांच्या खोलीची मुख्य सिस्टर, फौजदार. तिला खरं नाव होतं, चांगलं नाजूक, फुलाचं. पण ते तिला इतकं विजोड वाटायचं की कुणी वापरत नसे. ती स्वतःही नाही. फोन उचलून ती "बाळांची खोली" एवढंच म्हणायची आणि पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसायचा.

हात पसरावे लागत म्हणजे अगदी खरोखरचे. खोलीच्या दाराशी एक बेसिन होतं. त्याच्या बाजूला ती उभी. बुटकी, रुंद, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. तुम्ही हात धुतलेत की ती म्हणायची, "हात." मग दोन्ही हात तिच्या नाकापुढे धरायचे. ती वास घ्यायची. साबणाचा वास तिच्या मनासारखा आला नाही की, "परत." मोठ्या डॉक्टरांनाही परत. एकदा तर अधीक्षकसाहेब कुणा पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले, आणि पाहुण्यांच्या देखत तिने त्यांना दोनदा परत पाठवलं. साहेबांचे कान लाल झाले होते. मी नवी नर्स होते, मला हसू आवरेना, म्हणून मलाही परत पाठवलं.

तिच्याबद्दल हॉस्पिटलात अजूनही दोन गोष्टी सांगतात. एक, की तिने बाळांचा जीव घेतला. दुसरी, की ती देवमाणूस होती. मला दोन्हींचा संताप येतो. मी तिच्या हाताखाली काम केलंय, तिच्या शिव्या खाल्ल्यात, तिच्या डब्यातलं खाल्लंय. ती खुनी नव्हती आणि देव तर मुळीच नव्हती. देव असती तर एवढं तडतडली नसती.

आमच्या खोलीत अपुऱ्या दिवसांची बाळं असत. काही इतकी लहान की डॉक्टरांच्या तळहातावर मावतील. काचेच्या पेट्या, नाकात नळ्या, पायाला प्राणवायू मोजणारा चिमुकला लाल दिवा. तिथे आम्ही मोठी माणसं म्हणजे चालतीबोलती घाण, असं फौजदारचं मत होतं. आणि ते चुकीचंही नव्हतं. जंतू चालत येत नाहीत, ते कुणाच्या तरी हातावर बसून येतात. तेव्हा हाताला चोळायचं ते स्पिरिटचं औषध आजच्यासारखं प्रत्येक पेटीपाशी नसायचं. होतं ते दारातलं बेसिन, आणि बेसिनवरची साबणाची बाटली.

ती बाटली म्हणजे फौजदारचा जीव की प्राण. लग्न तिने केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी राहायची. तिची भावजय एकदा आम्हाला म्हणाली होती, "आमच्याकडे पाणी प्यायच्या आधीसुद्धा हात धुवावे लागतात हो, आणि मग वन्सं वास घेतात." स्टोअरमधून साबण येई तो कॅनने, आणि नेहमी उशिरा. म्हणून ती जपून वापरे. रोज सकाळी स्वतः बाटली उतरवायची, तळाशी उरलेल्या साबणात जरासं पाणी घालून खळखळ हलवायची, म्हणजे कडेचं काही वाया जायला नको, आणि वरून नवा साबण ओतायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "माझ्या खोलीत साबण संपला असं कुणी म्हणून दाखवावं," असं ती म्हणायची, आणि खरंच, कुणी म्हणून दाखवलं नाही.

आता शिवणवालीचं सांगते.

शिवणवाली म्हणजे एका बाळाची आई. घरी शिलाई मशीन होतं, लोकांचे कपडे शिवायची. दिवस भरायच्या बरेच आधी बाळंत झाली. मुलगा झाला, आणि तो आमच्याकडे पेटीत आला. घरी चार-पाच वर्षांची मुलगी, नवरा, सासूबाई. सडपातळ बाई, पण जीभ धारदार. आणि तिचे हात निळे होते. गडद रंगाच्या नव्या कापडाचे गठ्ठे शिवून शिवून बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना रंग बसला होता.

फौजदारने पहिल्याच दिवशी ते हात पाहिले आणि तिचं नाक वर गेलं. "हे काय?"

"रंग आहे तो, सिस्टर. मळ नाही."

"घासा."

"घासला. कातडी जाईल, रंग नाही जायचा."

"मग कातडी जाईपर्यंत घासा."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आज फौजदारला जोडीदारीण भेटली. शेवटी शिवणवाली वळली आणि पुन्हा हात धुवायला लागली. त्या दिवसापासून तिच्याइतके हात कुणीच धुतले नाहीत. इतर आया एकदा धुऊन आत यायच्या. ही दोनदा, तीनदा, फौजदारच्या डोळ्यांत डोळे घालून. मग बाळाच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून त्याच्या डोक्यावर ठेवायची. बोलायची नाही. आमच्याशी भांडून झालेलं असायचं, बाळापुढे आवाज बसायचा.

साथ सुरू झाली ती अशी, की सुरू झाली हे कळलंच नाही. एक बाळ दूध घेईनासं झालं. दुसऱ्याचं अंग गार पडलं. एवढ्याशा बाळांना ताप येतोच असं नाही, ती नुसती मलूल होतात, श्वास घ्यायला विसरतात. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लॅबमधून उत्तर आलं, दोघांच्या रक्तात एकच जंतू. मग तिसरं बाळ पडलं. ते शिवणवालीचं.

अशा वेळी हॉस्पिटल काय करतं ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त बंद दार दिसतं. आमच्याकडे सकाळीच बैठक बसली आणि नवी बाळं घेणं बंद झालं. बाळंतपणाच्या विभागातून आरडाओरडा झाला, आम्ही आमची बाळं कुठे ठेवायची म्हणून. दुसऱ्या हॉस्पिटलांना फोन गेले. खोलीच्या मधोमध पडदा लागला. अलीकडे बरी बाळं, पलीकडे आजारी. पलीकडची नर्स अलीकडे येणार नाही, अलीकडची पलीकडे जाणार नाही. मला पलीकडे टाकलं. माझा स्टेथोस्कोप वेगळा, ट्रे वेगळा, जेवायची खोलीसुद्धा वेगळी. फौजदार त्या दिवसांत घरी गेलीच नाही म्हटलं तरी चालेल. एकेक पेटी तिने स्वतः पुसली. हे काम कसं करावं ते तिच्याकडून शिकावं, एवढं मी तिला देणं लागते.

आणि मग जंतू आला कुठून, हा प्रश्न आला. लॅबच्या डॉक्टरीणबाई स्वॅब घ्यायला आल्या. आम्ही त्यांना जंतूबाई म्हणायचो. वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, चष्मा सतत नाकावरून घसरलेला. त्यांनी नळ घेतला, पेट्या घेतल्या, दूध गरम करायचं भांडं घेतलं, आमचे हात घेतले. आणि साबणाच्या बाटलीकडे वळल्या.

"साबणाचा स्वॅब?" फौजदार म्हणाली. "साबण धुवायला निघाली ही पोरगी!"

आम्ही सगळ्या हसलो. जंतूबाई हसल्या नाहीत. बाटलीच्या नळीत कापसाची काडी घालून त्यांनी ती काचेच्या नळीत बंद केली आणि निघून गेल्या.

लॅबचं उत्तर यायला वेळ लागतो. जंतू वाढावा लागतो, दिसावा लागतो. पण फौजदारला उत्तराची गरजच नव्हती. तिला ते आधीच माहीत होतं. घाण बाहेरून येते. आणि रोज बाहेरून कोण येतं? आया येतात. तिने दार बंद केलं. दूध छोट्या खिडकीतून वाटीने द्यायचं, आत पाऊल ठेवायचं नाही. मोठे डॉक्टर जरा कुरकुरले, पण त्यांनाही तेच पटत होतं. अधीक्षकांनी लगेच मान डोलावली. माझी म्हणाल तर मी पलीकडच्या बाजूला मान मोडून काम करत होते, मला विचारलं कुणी?

शिवणवाली खिडकीशी आली. वाटी तिने खिडकीच्या फळीवर ठेवली, पण हात मागे घेतला नाही.

"माझं दूध चालतं आणि मी चालत नाही?"

"दूध आम्ही गरम करून देतो," फौजदार म्हणाली. "तुम्हाला गरम करता येत नाही."

"सिस्टर, बाळ आजारी आहे माझं. मला नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवू द्या. तो ओळखतो."

आणि इथे फौजदारने ते म्हटलं. तिला झोप नव्हती, बाळं हातची जायची भीती होती, हे सगळं खरं. तरी म्हटलं ते म्हटलंच. ती म्हणाली, "तो हात ठेवलात म्हणूनच तो आजारी आहे. बघा एकदा त्या हातांकडे. यांनीच आणलंय हे."

मागच्या बाकावर बाकीच्या आया होत्या, शिवणवालीच्या सासूबाई होत्या. सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईंनी सुनेच्या हातांकडे असं पाहिलं की मला पडद्याआडून दिसलं. शिवणवालीने हात खिडकीतून काढून घेतले आणि अंगामागे लपवले.

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. माझ्या हातात गेलं. मोठ्या डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. शिवणवाली काचेच्या पलीकडे उभी होती. मग आम्ही बाळाला गुंडाळून बाहेर दिलं तेव्हा तिने ते घेतलं नाही. नवऱ्याने घेतलं. तिचे हात तसेच मागे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लॅबचं उत्तर आलं.

अधीक्षकांच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. साहेब, मोठे डॉक्टर, जंतूबाई, फौजदार, आणि पलीकडची नर्स म्हणून मी. जंतूबाईंनी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा टेबलावर मांडल्या. बाळांच्या रक्तातला जंतू आणि साबणाच्या बाटलीतला जंतू एकच. दुसरीकडे कुठेही तो वाढला नव्हता. बाटलीतून बाळांपर्यंत तो हातांनीच गेला होता.

"साबणात जंतू?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"हा ओलाव्यात राहणारा आहे. बाटलीच्या तळाला बसतो. रिकामी न करता वरून भरत राहिलं की तो मरतच नाही, त्याला रोज नवं घर मिळतं. त्यात पाणी मिसळलं तर विचारायलाच नको." जंतूबाईंनी चष्मा वर केला. "बऱ्याच हॉस्पिटलांत झालंय हे. मुद्दाम कुणी करत नाही. बचत करायला जातात."

त्या एकदाही फौजदारकडे बघून बोलल्या नाहीत. साबण धुण्यावरून हसणाऱ्या आम्हाला टोमणा मारायची एवढी मोठी संधी होती, पण त्यांनी मारला नाही. मी असते तर मारला असता.

फौजदार बशांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाटली मीच भरते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

साहेबांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. त्यांना आजार नको होता, आणि आता आजाराचं मूळ सापडलं होतं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. बाटली फेकून द्या, बेसिन बदला, उद्यापासून संपल्या की फेकून द्यायच्या छोट्या बाटल्या मागवा. उत्तम. आणि बाहेर सांगायचं ते आपण आधीच सांगितलंय: संसर्ग नातेवाइकांकडून आला, आता आटोक्यात आहे.

"ते खोटं आहे, साहेब," फौजदार म्हणाली.

"तुम्हीच तर म्हणाला होतात, सिस्टर."

"म्हणूनच सांगतेय. मी बोलले ते खोटं होतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते शांतपणे म्हणाले, "हे बाहेर गेलं की लोक यायचे थांबतील. बायका घरी बाळंत होतील. त्यात किती पोरं जातील, विचार केलात? झालं ते झालं. सुदैवाने तुमची निवृत्तीही जवळ आली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"या मुठीत मेलेलं पोर आहे, साहेब. किती दिवस झाकायची?"

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती.

"लोक थांबतील की येतील, ते मला कळत नाही," फौजदार म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. उलट ती हळू बोलत होती, आणि ते जास्त भीतीदायक होतं. "मला एवढं कळतं की मी एका बाईला चारचौघांत सांगितलं, तुझ्या हातांनी तुझं बाळ आजारी पडलं. ती आता घरी गेलीय ते घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय मी. खोटं मी बोलले, आता खरंही मीच बोलणार."

"तुम्हाला परवानगी नाही."

"मागितली कुठे?"

ती उठली. दाराशी जाऊन मागे वळली आणि जंतूबाईंना म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी हसले. माझं चुकलं." आणि गेली.

सरळ आयांच्या खोलीत गेली. तिथे आया दूध काढत बसल्या होत्या. फौजदारने दारात उभं राहून सगळं सांगितलं, साबण, बाटली, पाणी, सगळं. पदरचं काही घातलं नाही, काही वगळलं नाही. माफ करा म्हणाली नाही, रडली नाही. एका बाईने हातातली वाटी फेकून मारली. ती फौजदारच्या खांद्याला लागली, दूध गणवेशावरून ओघळलं. तिने ते पुसलं नाही. वाटी उचलून त्या बाईला परत दिली आणि म्हणाली, "आता आत चला. बाटली नवी आहे, साबण नवा आहे. एकेकीने यायचं, घाई करायची नाही. बाळं वाट बघताहेत." आया आत गेल्या. वाटी मारलेली बाई सगळ्यांत आधी.

त्यानंतर एकही नवं बाळ आजारी पडलं नाही. आजारी होती ती हळूहळू सुधारली. आमच्याकडून दोघी-तिघींनी बाळं हलवली, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. साहेबांनी चौकशी लावली. फौजदारला बाळांच्या खोलीतून काढून चादरींच्या स्टोअरमध्ये बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. नव्या पोरी म्हणायच्या, फौजदाराला कैद झाली. तिला ते ऐकू यायचं. ती म्हणायची, "कैदेत आहे म्हणून चादरी चुरगळलेल्या द्यायच्या का?" लोक यायचे थांबले का? काही दिवस थांबले. मग आले. साहेबांचं अगदीच चुकलं नव्हतं आणि फौजदारचंही नाही, असं म्हणून मी मोकळी होऊ शकते, पण मला तसं म्हणायचं नाही. फौजदारचं बरोबर होतं.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी मात्र आयांच्या खोलीतून ती बाहेर आली ती मला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"तिच्या घरी. आणि तोंड बंद ठेवायचं."

मला का नेलं, ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिला साक्षीदार हवा होता, म्हणजे ऐन वेळी आपण शब्द मऊ केले तर कुणीतरी पाहिलेलं असावं.

गल्लीत जिना चढून वर एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर कापड झाकलेलं. नवरा दाराशी बसला होता, त्याने आम्हाला पाहिलं आणि गणवेश ओळखून उभा राहिला. सासूबाई ओट्याशी होत्या. शिवणवाली खाली भिंतीला टेकून बसली होती. आणि तिच्या हातांत हातमोजे घातलेले होते.

आमच्यासारखे रबराचे नव्हेत. कापडाचे, जाड सुताचे, तिने स्वतः शिवलेले. टाके बारीक, एकसारखे, मनगटाला नाडी. कोपऱ्यात मुलगी बसली होती, केस विस्कटलेले, आईकडे बघत. जवळ येत नव्हती. येऊ नकोस असं तिला सांगितलेलं दिसत होतं.

"हिला सांगितलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "अन्नाला हात लावायचा नाही, पोरीला हात लावायचा नाही. एक गेलं. तुम्हीच म्हणालात ना सिस्टर, हिच्या हातांनीच..."

"म्हणाले," फौजदार म्हणाली. "ते खोटं होतं."

नवऱ्याने मान वर केली. फौजदारने बसायचा प्रयत्नही केला नाही. ती शिवणवालीसमोर उभी राहिली आणि सांगायला लागली. इथेही तेच, तसंच. बाटलीत जंतू होता. बाटली मी भरत होते. बाळांना तो तिथूनच गेला. माझ्या हातांनी गेला, डॉक्टरांच्या हातांनी गेला, नर्सच्या हातांनी गेला.

इथपर्यंत सांगून ती थांबली. मला कळलं, पुढचं सांगायचं की नाही, हे ती ठरवत होती. तिथे थांबता आलं असतं. मी तर मनातून म्हणत होते, थांब ग बाई, पुरे झालं.

"आणि तुमच्याही हातांनी गेला असेल," फौजदार म्हणाली. "कारण तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा हात धुतलेत. मी धुवायला लावलेत म्हणून. तुम्ही घरून आलात तेव्हा तुमचे हात स्वच्छ होते. रंग होता, मळ नव्हता. तुम्ही मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. घाण माझ्या दारात होती."

शिवणवाली फौजदारकडे बघत होती. मग तिचा आवाज आला, आधी घोगरा, मग नेहमीचा.

"परत सांगा."

फौजदारने परत सांगितलं.

"असं नाही. मोठ्याने. दारात जाऊन. तेव्हा नाही का सगळ्यांदेखत सांगितलंत? जिन्यावर सगळे कान लावून आहेत. त्यांनाही ऐकू जाऊ दे."

नवरा म्हणाला, "अगं, कशाला..."

"तुम्ही गप्प बसा."

फौजदार वळली. दारात गेली, जिन्याच्या कठड्याला हात लावून उभी राहिली, आणि ज्या आवाजाने ती आख्खं हॉस्पिटल सरळ करायची त्या आवाजात तिने सांगितलं, की या घरातल्या बाईच्या हातांत काही दोष नाही, बाळ हॉस्पिटलच्या चुकीने गेलं, आणि चूक करणारी मी आहे. खालच्या मजल्यावरची दारं उघडली. कुणीतरी वर बघितलं. फौजदारने त्या माणसाकडे बघत शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. मग ती आत आली.

"माफ करणार नाही मी तुम्हाला," शिवणवाली म्हणाली.

"मागायला आलेच नाही."

"ते बरं केलंत."

तिने एका हाताने दुसऱ्या मनगटाची नाडी सोडली. मोजा निघाला. दुसरा निघाला. घासून घासून हात उकललेले होते, सालं निघालेली, काही ठिकाणी रक्त सुकलेलं. तिने ते मोजे बाजूला टाकले आणि कोपऱ्याकडे बघितलं.

"ये इकडे. किती दिवस झाले केस विंचरून?"

मुलगी उठली. मधेच थांबली आणि तिने आजीकडे बघितलं. आजीच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. शिवणवालीने मुलीला हाताला धरून ओढलं, मांडीशी बसवलं, उघड्या बोटांनी तिच्या केसांतला गुंता धरला, आणि सासूबाईंकडे सरळ बघून म्हणाली, "आता सांगा मला. सांगा, हात लावू नकोस म्हणून."

सासूबाईंनी ओट्याकडे तोंड फिरवलं. आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही. त्या पोरीची वेणी पुरी होईपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या होतो.